सतरंजीएवढं वाळवंट

लोक दुसऱ्याच्या घरात शिरताना चपला झटकतात. नेन्यांकडे मात्र त्या निघताना झटकाव्या लागत, आणि नुसतं झटकून भागलं नाही तर तपासून घ्याव्या लागत.

मला हे ठाऊक नव्हतं. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. विमा कंपनीने माझी बदली सांगलीहून थेट जयपूरला केली होती, आदर्श नगरात घर मिळालं होतं, आणि शेजारी मराठी माणूस आहे एवढ्यावरच आमच्या शालिनीने देवापुढे साखर ठेवली होती. पहिल्याच रविवारी मी ओळख करून घ्यायला गेलो. चहा झाला. "येतो" म्हणून उठलो आणि चपलेत पाय घालणार तोच नेने माझ्याआधी दाराशी पोचले, खाली बसले आणि माझी डावी चप्पल उचलून तिचा तळ भिंगातून पाहू लागले. पन्नाशी उलटलेल्या, केंद्र सरकारातल्या अधिकाऱ्याने आपली चप्पल नाकापाशी धरलेली पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, अहो" करत मी वाकलो. तेवढ्यात त्यांनी टाचणीने तळातून वाटाण्याएवढा खडा उकरून काढला.

"हा आमचा," ते म्हणाले. "निघाला होता तुमच्याबरोबर."

मी बावळटासारखा हसलो. त्या दिवशी जो गोंधळलो तो जयपूर सोडेपर्यंत गोंधळलेलाच राहिलो.

दिगंबर नेने मूळचे वाईचे. नोकरी दगडमातीच्या कुठल्याशा खात्यात. त्या खात्याचं पूर्ण नाव त्यांनी मला चारदा सांगितलं आणि चारही वेळा ते मला निम्म्यातच सोडून गेलं. आमचे घरमालक खन्नाजी वरच्या मजल्यावर राहत. ते त्यांना सरळ "पत्थरवाले साहब" म्हणत. खाली आम्ही दोन भाडेकरू, आणि मागे दोघांत मिळून एक अंगण. त्या अंगणाच्या बरोबर मध्ये नेन्यांचं वाळवंट होतं.

हे मी थट्टेने म्हणत नाही. चार कोपऱ्यांना चार विटा, विटांना गुंडाळलेली सुतळी, आणि मध्ये दोन माणसांच्या सतरंजीएवढ्या जागेत माती, वाळू आणि वर खडे. काळे, तांबूस, करडे, एकाला एक चिकटून बसलेले. जमिनीला फरशी घालावी तसे, पण फरशी घालणाऱ्याला घाई नसावी असे. त्यावर पाय द्यायचा नाही, त्यावर पाणी सांडायचं नाही, तिथे झाडू तर मुळीच न्यायचा नाही. वरून आमची कपड्यांची दोरी जात असे. एखादा रुमाल खाली पडला तर नेने स्वतः काठीच्या टोकाने तो अलगद उचलून देत आणि रुमाल झटकून, झटकलेलं परत आत टाकत.

"वाळवंट म्हणजे वाळू, हा तुमचा शाळेतला गैरसमज," ते मला म्हणाले. "जैसलमेरच्या पलीकडे चला माझ्याबरोबर. मैलोन् मैल नुसते खडे आहेत. वाळू औषधालासुद्धा नाही."

"मग वाळू गेली कुठे?"

"वाऱ्याने नेली. हलकं ते गेलं, जड ते राहिलं."

इथवर मला समजलं होतं. गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण आपल्यालाही विषयात गोडी आहे हे दाखवायची मला खोड.

"पण खडे मुळात आले कुठून?"

"नदीने आणले."

"वाळवंटात नदी?"

"तेव्हा पाऊस होता."

"म्हणजे पावसामुळे..."

"नुसत्या पावसाने काय होतंय? जमीन उचलली गेली पाहिजे. उतार वाढला की नदीला जोर चढतो, मग ती डोंगर फोडून दगड खाली आणते. मग पाऊस जातो. नदी मरते. दगड तिथेच पडून राहतात. मग वारा. मग परत पाऊस. मग परत जमीन हलते, जुने खडे गाडले जातात, वर नवे येतात."

"अहो, म्हणजे नक्की करतं कोण? पाऊस, वारा, की जमीन?"

"तिघंही," नेने म्हणाले. "पण एका वेळी नाही." आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य: "घाई कोणाला आहे?"

हे वाक्य ते दिवसातून दहादा म्हणत. दूधवाला उशिरा आला, घाई कोणाला आहे? खन्नाजींनी विचारलं, "ओ जी, ये पत्थर कब उठेंगे? मुझे यहाँ स्कूटर का शेड डालना है," तर त्यांनाही "जल्दी किसको है?" खन्नाजींना जल्दी होतीच, पण अंगणात उभं राहून मुलतानच्या जुन्या घराच्या आठवणी ऐकून घेणारा दुसरा भाडेकरू त्यांना मिळाला नसता. म्हणून ते परत वर जात.

मे महिन्यात जयपूरला आंधी येते. आभाळ पिवळं होतं आणि सगळं गाव दारंखिडक्या लावायला धावतं. नेने नेमके तेव्हा बाहेर धावत. डोक्याला पंचा गुंडाळून, वाळवंटाकडे तोंड करून खुर्चीत बसत. आंधी ओसरली की दातांत वाळू, भुवयांवर वाळू अशा अवस्थेत आमच्या दारात येऊन आनंदाने सांगत, "आज बरंच गेलं!"

मी अभिनंदन करत असे.

दुसऱ्या वर्षी तीच आंधी, तोच पंचा. दारात उभे राहून म्हणतात, "आज बरंच आलं!"

"आलं? गेल्या वर्षी तर गेलं म्हणत होता."

"ते चुकलं होतं माझं," ते शांतपणे म्हणाले. नुकतंच त्यांनी काहीतरी नवं वाचलं होतं. वारा वाळू नेतो म्हणून खडे उरतात असं नव्हे. वारा बारीक धूळ आणतो, ती फटींतून खड्यांच्या खाली जाऊन बसते, आणि खडे हळूहळू वर उचलले जातात. आपल्याला वाटतं दगड जागच्या जागी पडलाय. तो पडलेला नसतो, वर येत असतो.

माझा चेहरा पाहून ते आमच्या स्वयंपाकघरात गेले आणि चिवड्याचा डबा घेऊन आले. "बघा, हलवलं की मोठं असतं ते वर येतं." त्यांनी डबा कानाशी धरून खुळखुळवला आणि झाकण काढलं. वर नुसते पोहे. शेंगदाणे सगळे तळाला. नेने बराच वेळ डब्यात बघत राहिले.

"वहिनी," ते शालिनीला म्हणाले, "तुमचा चिवडा चुकीचा झालाय."

आमची आठ वर्षांची रश्मी तोवर निम्मी हिंदी झाली होती. तिने रात्री जेवताना विचारलं, "बाबा, नेनेकाकांचा रेगिस्तान मतलब कधी पुरा होणार?" मी म्हटलं, घाई कोणाला आहे.

या माणसाला एका बाबतीत मात्र घाई होती, आणि ती त्याला लपवता येत नसे. नेने एकटे राहत. सरकारी नोकरीतल्या पुष्कळ घरांसारखंच त्यांचं झालं होतं. तेव्हा दर तीन वर्षांनी बदली, मुलांची शाळा मोडते, म्हणून पत्नी इंदूताई मुलांना घेऊन वाईला राहिल्या. तात्पुरत्या. त्याला वीस वर्षं झाली. मुलगा पिंपरीला नोकरीला लागला, मुलगी सासरी गेली, तरी तात्पुरतं संपलं नाही. दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात नेने आम्हाला सांगत, "या खेपेला येतेय ती." मग खिडक्या पुसल्या जात, एक नवी चादर येई. आणि मग आंतर्देशीय पत्र येई. नणंदेचा गुडघा. पाण्याची पाइपलाइन. घराला कुलूप कसं लावणार? नेने पत्राची घडी करून खिशात ठेवत आणि पुढचे चार दिवस वाळवंटापाशी जास्त बसत. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर इंदूताई मेतकूट मात्र न चुकता पाठवत.

त्या मेतकुटाच्या डब्यातच वाळवंटाचा नकाशा असे. तो त्यांनी मला एकदा दाखवला होता. आलेखाच्या कागदावर दोनशे बारा खड्यांच्या दोनशे बारा जागा. "कागदाला वाळवी लागते. मेतकुटाच्या वासाला ती येत नाही," असं त्यांचं म्हणणं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्याच्या तळाशी, वर मेतकूट.

त्या वर्षी दिवाळीला माझी आई सांगलीहून आली. नेने जैसलमेरकडे दौऱ्यावर होते. जाताना मला बजावून गेले होते, "कुलकर्णी, लक्ष ठेवा." मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं होतं. आणि आईला सांगायचं विसरलो.

नरकचतुर्दशीला पहाटे मी अंगाला तेल लावून पाटावर बसलो होतो. आई माझ्याआधी तासभर उठलेली. नाहून बाहेर आलो तर ती पदर खोचून कौतुकाची वाट बघत अंगणात उभी. "बघ, कसा उकिरडा होता नुसता. बांधकामाची खडी कुणी टाकली होती रे मध्येच?"

अंगण लख्ख झालं होतं. जयपुरात शेणाला काय तोटा? आईने विटा उचलल्या होत्या, वाळू भरून बाहेर टाकली होती, जागा सारवली होती, सडा घातला होता आणि बरोबर मधोमध एकवीस ठिपक्यांची रांगोळी काढली होती. कमळं, गोपद्मं, कोपऱ्यात "शुभ दीपावली".

"खडे कुठे आहेत?" मी विचारलं.

"वाया कशाला घालवायचे? तुळशीच्या कुंडीत तळाला घातले. पाण्याचा निचरा होतो चांगला."

मी ओल्या पंच्यात तसाच कुंडीपाशी बसलो. बायकोच्या, आईच्या आणि लेकीच्या देखत तुळस उपटली. खडे धुऊन परातीत घेतले तेव्हा दिसलं, प्रत्येकाच्या पोटाला लाल नेलपॉलिशने बारीक, सुबक आकडा घातलेला. अक्षर नेन्यांचं नव्हतं. नेन्यांचे आकडे मुंग्या चालल्यासारखे असत.

दुपारी नेने आले. हातात होल्डॉल, अंगावर प्रवासाची धूळ. मी आईला आत पाठवलं होतं, पण ती ऐकते थोडीच. दाराच्या चौकटीला धरून उभी होती. नेने रांगोळीच्या कडेला थांबले. होल्डॉल खाली ठेवावा हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, हा माणूस आता ओरडेल तर बरं होईल.

"मी विसरलो सांगायला," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

"अहो नेने, मला मेलीला काय कळतंय," आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं खडी आहे."

"खडीच आहे, काकू," नेने म्हणाले. मग रांगोळीकडे पाहत म्हणाले, "एकवीस ठिपके. हात सरळ आहे तुमचा."

संध्याकाळी मी परात घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते अंधूक उजेडात दिवा न लावता बसले होते. "नकाशा आहेच की," मी उसन्या उत्साहाने म्हटलं. "दोन दिवसांत मांडू परत." त्यांनी मान हलवली आणि एकेक खडा उलटा करून आकडा पाहत राहिले.

"इंदू एकदाच आली इथे," ते म्हणाले. "पाच वर्षांपूर्वी, सतरा दिवस. दोन दिवसांत जयपूर दाखवून झालं. मग बोलायचं काय कळेना. पंधरा वर्षं पत्रांतून बोलायची सवय. समोरासमोर बसलो की दोघं गप्प. शेवटी म्हटलं, चल, मी काय काम करतो ते दाखवतो. खडे आणून ठेवलेलेच होते. तिने आकडे घातले. खन्नाजींच्या सुनेचं नेलपॉलिश आणलं होतं मागून. मी सांगायचं, तिने मांडायचं. ते पंधरा दिवस..." आणि वाक्य तिथेच सोडून ते चष्मा पुसू लागले.

मला फार वाईट वाटलं. आणि थोडा रागही आला, की हा माणूस दोन वर्षं मला पाऊस, वारा आणि जमीन सांगत बसला, आणि हे सांगितलं नाही.

"सतरंजीएवढ्या जागेत वाळवंट होत नाही, कुलकर्णी," ते म्हणाले. "हजारो वर्षं लागतात. मला ठाऊक नाही का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं, नकाशा हरवला.

"मेतकुटाच्या डब्यात असेल," मी म्हटलं.

"पाहिलं. नाही." माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "दुसरी प्रत इंदूच्या वहीत आहे. तिला लिहितो. तिलाच यावं लागेल."

इकडे खन्नाजी मोकळं अंगण पाहून खूश झाले होते. आईच्या रांगोळीवर उभं राहून त्यांनी टेपने मापं घेतली. "माताजी ने तो कमाल कर दिया. अब सीमेंट डलवा देता हूँ." नेने त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. त्यांना असं कुणासमोर उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. खन्नाजीही बावरले. "अच्छा जी, अच्छा जी. भाभीजी के आने तक. संक्रांत के बाद नहीं रुकूँगा."

दोन आंतर्देशीय पत्रं गेली, एक तार गेली. उत्तर नाही. मी रोज ऑफिसातून आलो की नेन्यांच्या दाराकडे बघायचो. आई तर सांगलीला परत जातानाही स्टेशनवर विचारत होती, "ती येईल ना रे?"

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दारात रिक्षा थांबली. एक किरकोळ बांध्याच्या, नाकेल्या बाई उतरल्या, स्वेटरवर स्वेटर घातलेल्या, एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात कापडात बांधलेली वही. नेने लगबगीने पुढे गेले, पण पेटी घ्यायची की वही, हे न ठरल्यामुळे रिकाम्या हातांनीच मागे फिरले. इंदूताईंनी आधी अंगण पाहिलं.

"तीन दिवसांचं काम आहे," त्या म्हणाल्या. "परतीचं तिकीट काढलंय मी शनिवारचं."

वाळू आली, माती आली, विटा बसल्या. दोघं समोरासमोर पाट घेऊन बसली. मी चहा देण्याच्या निमित्ताने चकरा मारत होतो.

"एकशे चार कुठे?"

"डावीकडे," नेने सांगत.

"वहीत उजवीकडे आहे."

"मग उजवीकडे असेल."

मी चक्रावलो. शेकडो मैलांवरचा एखादा धोंडा कुठल्या ओढ्याकाठी पडलाय हे तोंडपाठ सांगणारा माणूस हा, आणि अंगणातले दोनशे खडे चुकत होता. शनिवार आला आणि गेला. तिकीट बदललं. पुढचा शनिवारही गेला. आणखी एक भानगड होती. आदल्या दिवशी बसवलेले दहापंधरा खडे दुसऱ्या दिवशी सकाळी हललेले असत.

"हे हलतात कसे?" इंदूताई विचारत.

"वारा," नेने म्हणत.

पौषातल्या जयपुरात दोरीवरचा रुमालसुद्धा हलत नव्हता. इंदूताई परत खडे उचलत. मधूनमधून आता दोघांचं बोलणं खड्यांवरून घसरत असे. पिंपरीच्या मुलाचं लग्न, वाईच्या घराचं कुलूप, कुणाचं तरी कधीचं तरी चुकलेलं. एकदा तर मी त्यांना भांडताना ऐकलं, चांगलं मोठ्याने, आणि शालिनी म्हणाली, "बरं झालं."

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात रश्मीला ताप आला. मऊ भाताबरोबर तिला मेतकूट हवं होतं, आमच्याकडचं संपलेलं. मी नेन्यांकडे गेलो. नेने ऑफिसला गेले होते. इंदूताईंनी सरळ डबाच हातात दिला. "असू दे घरात, संध्याकाळी आणा."

घरी येऊन मी डब्यात चमचा घातला. तळाशी काहीतरी कुरकुरलं. प्लॅस्टिकची पिशवी. आत आलेखाचा कागद, दोनशे बारा जागा, एकही खाडाखोड नाही.

मी तो पुष्कळ वेळ हातात धरून बसलो. "पाहिलं. नाही" म्हणणारा हा माणूस सरकारी कागदात मिलिमीटर चुकला तर दोन दिवस जेवत नसे. बरं, खोटं बोलायचं तर कागद दुसरीकडे लपवायचा. बायको येऊन पहिल्या दिवशी जो डबा उघडणार, त्यातच कुणी ठेवतं का? विसरले, की मुद्दाम ठेवला? हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

संध्याकाळी डबा परत द्यायला गेलो तेव्हा कागद होता तसा तळाशी ठेवला होता. चेहराही होता तसा ठेवायचा प्रयत्न केला, पण ते मला कधी जमलेलं नाही. इंदूताईंनी डबा घेतला आणि फळीवर ठेवता ठेवता विचारलं,

"कागद परत नीट ठेवलात ना, भावजी?"

"वहिनी, तुम्हाला..."

"पहिल्याच दिवशी. जेवायला बसताना." त्या माझ्याकडे पाठ करून बोलत होत्या. "आता रोज सकाळी ते उठायच्या आत पाचसहा मीही हलवते. ह्यांचे पुरत नाहीत."

मी चपला शोधू लागलो. इंदूताई दाराशी आल्या, कंबरेत वाकल्या आणि माझ्या चपला उलट्या करून पाहिल्या. काही नव्हतं. मग त्यांनी पदराची गाठ सोडून एक तांबूस खडा मला दाखवला. पोटावर लाल आकडा होता, एकशे सत्याऐंशी.

"हा तुमच्याकडे ठेवा. खन्नाजींना म्हणावं, एक सापडत नाहीये, काम अर्धवट आहे." त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि मूठ मिटवली. "ह्यांनी विचारलं तर तुम्ही पाहिला नाही."

"आणि संक्रांत झाल्यावर?"

"घाई कोणाला आहे?" इंदूताई म्हणाल्या.